दादांकडे जा, पण बोला वहिनींशी

पत्र

नमस्कार. माझं वय 67, बँकेतून निवृत्त, राहायला डोंबिवलीत. थोरले दादा 74 वर्षांचे, गावी असतात, गारगोटीजवळ. आई शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती त्यांच्याकडेच. मी दर महिन्याला न चुकता पाच हजार पाठवत होतो. आईच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर मी तिच्या पाटल्यांचं विचारलं. वहिनी म्हणाल्या, औषधपाण्यात मोडल्या. माझ्या तोंडून गेलं, ‘मग पावती दाखवा.’ दादा म्हणाले, ‘आजपासनं तू मला मेलास.’ त्याला नऊ वर्षं झाली. आक्का, म्हणजे आमची बहीण, मिरजेला असते. ती दोघांकडे येते-जाते, पण एकाचं दुसऱ्याकडे काढत नाही.

गेल्या महिन्यात पुतण्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं की दादांची ॲंजिओप्लास्टी झाली. त्याच आठवड्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा इंग्रजी सिनेमा दाखवला. एक म्हातारा गवत कापायच्या यंत्रावर बसून, मजल दरमजल करत, आजारी भावाला भेटायला जातो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वाटतं, आपणही स्कूटर काढावी आणि असंच निघावं. बायको म्हणते, आधी त्यांनी फोन करावा. मुलगा म्हणतो, आता काय उपयोग. मी जाऊ का? गेलो तर पाटल्यांचा विषय काढू की नको? आणि माफी मागायची तर कशी?

– धाकटा, डोंबिवली

उत्तर

नमस्कार,

जा. याच महिन्यात जा. फक्त ते स्कूटरचं डोक्यातून काढून टाका.

डोंबिवलीहून गारगोटी म्हणजे चारशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणजे जुन्या रस्त्याने बोरघाट, पुढे खंबाटकी, आणि मागेपुढे सगळे ट्रक. कराडच्या आसपास कुठे कंबर धरून बसलात तर दादांनाच तुम्हाला आणायला यावं लागेल, आणि तेही ॲंजिओप्लास्टी झालेल्या माणसाला.

सिनेमा बघून आलं की असं काहीतरी दांडगं करावंसं वाटतं, कळतं मला. पण सिनेमातल्या त्या म्हाताऱ्याचं, ॲल्विन स्ट्रेटचं, नीट बघा. तो खराच माणूस होता. 1994 साली आयोवा राज्यातल्या लॉरेन्स गावाहून विस्कॉन्सिनमधल्या माउंट झायनकडे निघाला तेव्हा 73 वर्षांचा होता, त्याचा भाऊ 80 चा. अंतर 240 मैल, म्हणजे पावणेचारशे किलोमीटरच्या वर. वेग तासाला पाच मैल. सहा आठवडे लागले. नजर अधू झालेली, मोटार चालवायचा परवाना नाही, म्हणून जे चालवता येत होतं त्यावर तो बसला. कुणाला दाखवायला नाही. तुमच्याकडे महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे. रात्री कल्याणला बसा, सकाळी कोल्हापूर, पुढे गारगोटीची एस.टी. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत 2020 मध्ये बंद केली ती केलीच, पण एस.टी.त तुमचं अजून अर्धं तिकीट आहे.

सिनेमा मीही दोनदा पाहिलाय. दिग्दर्शक डेव्हिड लिंच म्हटलं की अंगावर येणारं, विचित्र, रात्री झोप उडवणारं काहीतरी आठवतं. त्या माणसाने 1999 मध्ये हा इतका सरळ सिनेमा केला आणि तो अमेरिकेत डिस्नेने दाखवला, याची गंमत अजून वाटते. चित्रीकरणही खऱ्या ॲल्विनच्या वाटेवरूनच, क्रमाने पुढे पुढे जात केलेलं. ॲल्विनचं काम करणारे रिचर्ड फार्न्सवर्थ तेव्हा कॅन्सरने आजारी होते, आणि तो हाडांपर्यंत गेला होता. दोन काठ्यांवरचं त्यांचं ते चालणं म्हणजे सगळा अभिनय नव्हता. 79 व्या वर्षी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं आणि 2000 सालीच ते गेले.

तुम्हाला त्यातली मोळीची गोष्ट फार भिडली असणार. आपल्यापैकी बहुतेकांना ती लहानपणी कुणी ना कुणी सांगितलेली असते, एक काटकी मोडते, मोळी मोडत नाही. घरातून पळून आलेल्या त्या पोरीला ॲल्विन ती गोष्ट सांगतो आणि सगळं थिएटर डोळे पुसतं. माझं मन मात्र तिथे फारसं हललं नाही. दुसऱ्याच्या लेकीला कुटुंबाचं महत्त्व सांगणारा हा गृहस्थ स्वतः सख्ख्या भावाशी दहा वर्षं बोललेला नाही. असं सांगणारे आपल्याकडेही गल्लोगल्ली आहेत. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायची वेळ येते.

मला महत्त्वाचे वाटले ते दुसरेच दोन प्रसंग. वाटेत यंत्र बिघडतं, ते दुरुस्त करायला दोन जुळे भाऊ येतात, दिवसभर एकमेकांशी कचाकचा भांडणारे. ते बिल फुगवून लावतात. ॲल्विन काय करतो? आधी एकेक रक्कम काढून घासाघीस करतो, बिल कमी करून घेतो. मग त्यांना सांगतो की बाबांनो, मी भावाकडे चाललोय, भाऊ म्हणजे काय ते मला आता कळतंय. क्रम बघा. पैशाचं बोलणं आधी संपवलं, मग भावाचं काढलं. एकात दुसरं मिसळू दिलं नाही. तुमच्या घरी तेराव्याला नेमकं ते मिसळलं.

दुसरा प्रसंग दफनभूमीतला. रात्री तिथे मुक्काम पडतो, शेजारच्या चर्चचे धर्मगुरू गप्पा मारायला येतात. ते म्हणतात, तुमच्या भावाला मी इस्पितळात भेटलो होतो, पण आपल्याला भाऊ आहे असं काही तो बोलला नाही. ॲल्विनला त्याचा राग येत नाही. आम्हा दोघांनाही बऱ्याच काळात भाऊ नव्हता, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणतो. भांडण कशावरून झालं ते सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. राग, मिजास आणि वर दारू, एवढंच. आणि शेवटी? भाऊ वॉकर घेऊन बाहेर येतो, बस म्हणतो, त्या यंत्राकडे बघतो, यावर बसून एवढ्या लांब आलास का म्हणून विचारतो. हो. बस, एवढंच. माफी कुणीच मागत नाही. कोण चुकलं होतं याची चर्चासुद्धा नाही.

तुम्हालाही तसंच हवंय ना? ओसरीवर शेजारी शेजारी बसायचं, काही बोलायचं नाही, आपोआप सगळं मिटावं. दादांशी कदाचित तसं होईलही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस ‘तू मला मेलास’ हे शब्द तोंडाने परत घेणार नाही, त्याची वाट बघू नका. बसायला सांगितलं, चहा आला, ‘गाडीला गर्दी होती का’ विचारलं, की समजा झालं.

पण तुमच्या गोष्टीत एक तिसरं माणूस आहे, आणि ते त्या सिनेमात नाही. तुम्ही पावती मागितलीत ती दादांकडे नव्हे, वहिनींकडे. दादांनी नातं तोडलं ते बायकोचा चारचौघांत अपमान झाला म्हणून. तुमचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. दादांच्या तब्येतीबद्दल आहे, तुमच्या न गेलेल्या जेवणाबद्दल आहे, बायकोचं म्हणणं आहे, मुलाचं आहे. वहिनी एकाच वाक्यात येतात आणि तेही पाटल्या मोडल्या एवढं सांगण्यापुरत्या.

तुम्ही बँकेतले, म्हणून हिशेबानेच बोलते. महिना पाच हजार, चार वर्षं, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. पासबुकात एकेक नोंद असेल आणि ती रक्कम खरीच आहे, तिला मी कमी लेखत नाही. पुष्कळ मुलं तेवढंही करत नाहीत. आता दुसरी बाजू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडाशी कातडी लाल होते आणि मग जखम पडते. दर दोन तासांनी म्हणजे रात्री अकराला, एकला, तीनला, पाचला. अंगाखाली हवेची गादी असली तर तिची मोटर रात्रभर घरघरत राहते, आणि गावाकडे वीज गेली की गादी बसते. मग उठा, चादरी-गोधड्यांच्या घड्या पाठीखाली सारा. सकाळी अंग पुसायचं, पावडर लावायची, चादर ओली असेल तर माणूस एका अंगावर धरून दुसऱ्या हाताने ओढून काढायची. भाताची पेज चमच्याने भरवायची, त्यातली अर्धी गळ्यावर सांडणार. आई शुद्धीत असेल तर चिडणार, सुनेलाच बोलणार, कारण समोर तीच असते. लेक पैसे पाठवतो म्हणून त्याचं कौतुक करणार, तेही सुनेकडेच. आणि चार वर्षांत नवरा-बायकोला मिळून एकाही लग्नाला जाता येत नाही. गेले तर एकच जण जातो, तोही जेवून लगेच मागे फिरतो.

हे तुमच्या घरी कसं चाललं होतं ते मी पाहिलेलं नाही. पण जिथे जिथे असं माणूस अंथरुणावर असतं तिथे थोड्याफार फरकाने हेच चालतं, आणि ते करणारं माणूस बहुतेक वेळा सून असते. तिला सगळं उरकल्यावर, तेराव्याच्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत, पावती.

म्हणून माफी कशी मागायची हा तुमचा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. कोणाची, हे ठरलं की बाकीचं सोपं. ‘वहिनी, तेराव्याला मी पावती मागितली, ती मागायला नको होती. आईचं सगळं तुम्ही केलंत.’ दोन वाक्यं. ‘काही चुकलं असेल तर’ अशी पळवाट ठेवू नका. ‘पण मीही त्या वेळी’ अशी पुढे जोडही नको. आणि हे स्वयंपाकघराच्या दारात कुजबुजू नका. बोललात चारचौघांत, तर हेही दादांच्या, पुतण्याच्या, सूनबाईंच्या देखतच म्हणा. त्यावर वहिनी कदाचित बोलतील. नऊ वर्षांचं साठलेलं आहे, त्या बऱ्याच बोलतील. मध्ये तोंड घालायचं नाही. तुमच्या पाच हजारांचा उल्लेख तर अजिबात करायचा नाही.

आता पाटल्या. विषय काढायचा नाही. त्या खरंच मोडल्या, की कुठे कपाटात आहेत, की पुतण्याच्या लग्नात वेगळ्या घडवून सुनेच्या हातात गेल्या, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. न कळता जगायची तयारी असेल तर तिकीट काढा. नसेल, म्हणजे तिथे बसल्यावर सूनबाईंच्या मनगटाकडे नजर जाणार असेल, तर अजून थोडं थांबा. तसं जाण्यापेक्षा न गेलेलं बरं.

इथे एक गोष्ट बोलायची राहिली, आणि तुमच्या पत्रात ती मला सगळ्यात जास्त खटकली. पाटल्या आईच्या. आईने मृत्युपत्र केलं नसेल आणि वडील तिच्या आधीच गेले असतील तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यात तिच्या सगळ्या मुलामुलींचा सारखा वाटा. म्हणजे एक तृतीयांश आक्कांचा. त्यांना कुणी विचारलं? तुम्ही वाटा मागताना, दादा नातं तोडताना, वहिनी मोडल्या असं सांगताना, आक्का तिथेच कुठेतरी पंगतीची भांडी गोळा करत असतील. तेव्हापासून त्या दोन घरांत येतात-जातात, दोघांना राख्या बांधतात, आणि एका घरात दुसऱ्या भावाचं नाव निघू नये म्हणून जीभ आवरून बोलतात. तुम्ही दोघं नऊ वर्षं बोलत नाही, एवढंच. ते सांभाळायचं काम मात्र त्यांच्यावर पडलंय. त्यांना या भेटीत मध्यस्थ म्हणून नेऊ नका, पुरे झालं त्यांना.

बायकोचं म्हणणं तसं चूक नाही. धाकट्याला कमीपणा घ्यावा लागतोय हे तिला दिसतंय. पण फोन त्यांनी आधी करावा हे दादा धडधाकट असते तर चाललं असतं. तिला बरोबर चलच असा आग्रह धरू नका. तिचं आणि वहिनींचं काय असेल ते त्या दोघी बघतील. मुलगा म्हणतो काय उपयोग. त्याला म्हणावं, तुला भावंड असतं तर विचारलं नसतंस. असेल भावंड, तर गप्प बसा, वेळ आली की त्याला कळेल.

जाण्याबद्दल थोडं. ॲल्विन न कळवता गेला, तुम्ही तसं करू नका. हृदयाचं नुकतंच झालेल्या माणसाच्या दारात नऊ वर्षांनी अचानक उभं राहू नये. पुतण्याला आधी फोन करा, त्याच्या स्टेटसवर हार्ट टाकून भागणार नाही. तो म्हणाला ‘बाबांना विचारतो’, तर विचारू द्या. ‘नको’ आलं तर वाईट वाटून घ्या, दोन महिन्यांनी पुन्हा फोन करा. दिवस साधा निवडा. गौरी-गणपती नको, दिवाळी नको, आईची तिथी तर नकोच. त्या दिवशी घरात पाहुणे असतात आणि सगळ्यांना मागचं आठवतं. राहायची सोय कोल्हापुरात करून ठेवा. मुक्कामाला ठेवून घेतील या भरवशावर गेलात तर संध्याकाळी सगळ्यांचीच पंचाईत. तासभर बसा आणि निघा. दुसऱ्या खेपेला जास्त बसता येईल.

हातात काय न्यायचं? साडी नको, सोनंनाणं तर नाहीच, ते भरपाईसारखं दिसेल. पूर्वी मुंबईहून जाताना काहीतरी ठरलेलं नेत असाल, खारी, ब्रेड, माहीमचा हलवा, प्रत्येक घराचं काही ना काही असतं. तेच न्या. दादांना डॉक्टरांनी खायला बंदी केली असेल तर नातवंडं खातील.

आणि शेवटच्या एस.टी. थांब्यावर तुमचे पाय गळतील, तयारी ठेवा. ॲल्विनही भावाच्या घराजवळ पोचल्यावर आधी एका बारमध्ये शिरतो, कित्येक वर्षं न शिवलेली बिअर मागवतो, एकच पितो आणि मग निघतो. तुम्ही चहा घ्या.

पण हे सगळं नंतर. आज आधी आक्कांना फोन करा. सांगा की मी दादांकडे जातोय, तू काही करू नकोस, फक्त तुला माहीत असावं. आणि पाटल्यांचं तेव्हा तुला विचारायला हवं होतं, हेही सांगा. त्या काय म्हणाल्या ते मला जरूर लिहा. दादा काय म्हणाले ते नाही कळवलंत तरी चालेल.